फूल कुठे बसलंय ते आधी बघा

कुक्षीत झाडांवर करवत आणि कुऱ्हाड चालते ती साधारण तीन वेळा, आणि तिन्ही वेळा निमित्त माणसाचं असतं. दिवाळीच्या साफसफाईत अंगणातली झाडं ‘आवरली’ जातात. होळीच्या आधी लाकूड जमवायचं म्हणून फांद्या उतरतात. मे महिन्यात पाऊस तोंडावर आला की तारांच्या आड येणारं सगळं एका रेषेत कापलं जातं. त्या दिवशी वीज नसते आणि कारण विचारलं तर एकच शब्द ऐकू येतो, मेंटेनन्स. हे तिन्ही मुहूर्त अडाणी आहेत असं मी म्हणणार नाही. दिवाळीचा मुहूर्त काही झाडांना चांगलाच मानवतो. मेमधली कापाकापी कुरूप असली तरी वादळात तार तुटण्यापेक्षा बरी. होळीचा मुहूर्त मात्र फुलांच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात वाईट.

फुलझाडं कधी छाटावीत, या प्रश्नाचं उत्तर महिन्यात मागितलं की हमखास फसगत होते. त्याआधी झाडालाच एक प्रश्न विचारावा लागतो: तुझी कळी कधी तयार होते, आणि कुठल्या लाकडावर? एवढं कळलं की महिना आपोआप ठरतो. आणि हे कळायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, बहरातल्या झाडाखाली उभं राहून मान वर करावी लागते.

कुक्षी धार जिल्ह्यात, विंध्याच्या उतरणीखाली, नर्मदेच्या उत्तरेला आहे. मांडू वर पठारावर, माळव्यात. कुक्षी खाली, निमाडात. वरच्यापेक्षा इथलं ऊन लवकर चढतं आणि उशिरा उतरतं. परगणा जुन्या धार संस्थानचा, पवारांचा. पवारांच्या दोन घराण्यांमुळे धारला आणि देवासला मराठी घरं रुजली, आणि मराठी घर म्हटलं की अंगणात पारिजातक, चाफा, मोगरा आलेच. बाहेर रस्त्याला गुलमोहर आणि बहावा, शिवारात पळस, सावर, मोह. म्हणजे एकाच गावात निरनिराळ्या स्वभावाची झाडं, आणि त्या सगळ्यांसाठी कापणारा माणूस बहुधा एकच, एकाच दिवशी बोलावलेला.

बागकामाच्या बहुतेक पुस्तकांत छाटणीचा जो नियम सापडतो, तो इंग्लंडहून आलेला आहे. जूनच्या आधी जे फुलतं ते बहर ओसरताच छाटा. जूननंतर जे फुलतं ते हिवाळ्याच्या शेवटी छाटा. इंग्लंडपुरता हा नियम उत्तम आहे. तिथं वसंतात फुलणारी झाडं आपल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच बांधून ठेवतात, थंडीभर त्या मिटलेल्या असतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी झाडं त्याच वर्षीच्या कोवळ्या फांदीवर कळी धरतात. मध्ये बर्फाची रेघ असल्यामुळे दोन गट स्वच्छ वेगळे पडतात. आपल्याकडच्या संस्थानी बागांवर या पुस्तकांची छाप पडली. इ. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते, तेव्हा इतर कामांच्या जोडीला बागाही त्यांच्याकडे होत्या. पण तो नियम कुक्षीत आणून लावून पाहा. पळस, सावर, कांचन, बहावा, गुलमोहर, तामण, मोह, सगळेच जूनच्या आधी फुलतात. म्हणजे सगळ्यांची छाटणी बहरानंतर, म्हणजे अनेकांची भर पावसात. त्यातला तामण तर उन्हाळ्यात फुलूनही नव्या फांदीवर फुलतो. नियमाचा गाभा खरा आहे, पण त्याचं कॅलेंडर परक्या आकाशाखालचं आहे.

जपानी लोकांकडे याहून चांगली म्हण आहे. चेरीची छाटणी करणारा मूर्ख आणि ‘उमे’ची (जपानी जर्दाळूची) छाटणी न करणारा मूर्ख, असा तिचा अर्थ. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्ही थंडी सरताना फुलणारी, तरी एकाला कात्री नको आणि दुसऱ्याला हवी. चेरीची कापलेली जागा सहज कुजते. उमे कापल्यावर नव्या फांद्या फेकतो आणि त्यांवर फुलतो. कॅलेंडर बाजूला ठेवून झाडाचा स्वभाव बघायला सांगणारी ही म्हण निमाडातही चालेल.

तर मान वर करून काय बघायचं? फूल कुठे बसलंय ते. फुलांचा घोस राखाडी सालीच्या, पानं झडलेल्या, बोटभर जाडीच्या जून फांदीवर असेल, तर ते लाकूड गेल्या पावसाळ्याचं आहे आणि कळी महिनोन् महिने आधी ठरलेली आहे. फूल हिरव्या, लवचिक, ताज्या पानांच्या फांदीच्या शेंड्यावर असेल, तर ती कळी यंदाची. पहिल्या जातीला बहराआधी हात लावू नये. दुसऱ्या जातीला बहराआधी, झाड निजलेलं असताना छाटलं तर उलट जास्त फुलं येतात, कारण एका शेंड्याच्या जागी दोन-तीन शेंडे फुटतात.

पहिल्या जातीचा म्होरक्या पळस. थंडी असतानाच त्याच्या फांद्यांवर काळपट तपकिरी, मखमली कळ्यांचे झुबके दिसायला लागतात. लांबून झाड वाळल्यासारखं वाटतं, आणि हेच त्याच्या मुळावर येतं. माघात लाकडं गोळा करणाऱ्याला तो मेलेला दिसतो. फांदी तोडली की त्या वर्षाची फुलं गेलीच, पण नवी फांदी फुटून तिच्यावर कळी धरायला आणखी एक पावसाळा जावा लागतो. भगोरियाचे हाट होळीच्या आधीच्या आठवड्यात धार, झाबुआ, आलीराजपूर, बडवानी या पट्ट्यात भरतात. त्या दिवसांत रस्त्यानं जाताना एकाच ओळीतला एक पळस पेटलेला आणि शेजारचा बोडका दिसला, तर बोडक्याच्या फांद्यांची टोकं निरखावीत; बऱ्याचदा जुना घाव सापडतो.

सावरीचं आणि पांगाऱ्याचंही असंच. मेवाडात होळीच्या मधोमध रोवायला सावरीचा दांडा लागतो, आणि तो तोडला जातो नेमका ती फुलावर असताना. कांचनाच्या बाबतीत मात्र जरा डोळे उघडे ठेवावे लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण होऊन फुलतो तो एक कांचन. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा देवकांचन पावसाळा संपताना, अंगावर पानं असताना फुलतो. पानं दोघांची सारखीच, आपट्यासारखी जोडलेली. दिवाळीत दोघांवर सारखीच करवत चालवली, तर देवकांचनाची ऐन फुलं उतरतात आणि कांचनाच्या येणाऱ्या फुलांची जागाही जाते.

ही झाडं ऐन कोरड्या दिवसांत, पाण्याचा टिपूस नसताना, अंगावर पान नसताना फुलतात तरी कशी? कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलांत रॉल्फ बोर्शर्ट यांनी या कोड्यावर दीर्घकाळ काम केलं. पानं म्हणजे झाडाची पाणी उडवणारी यंत्रणा. ती गळली की उडणारं पाणी थांबतं, मुळं जमिनीच्या खोल थरातून ओढतात ते खोडात साठत जातं, आणि सुकलेली फांदी आतून पुन्हा भरते. त्या भरलेल्या फांदीवर आधीच तयार असलेल्या कळ्या फुगतात. काही झाडांत तर दिवस मोठा होऊ लागल्याची चाहूलही नव्या पालवीला पुरते. कुक्षी बावीस अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडी खाली. इथला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास आणि सगळ्यात छोटा पावणेअकराच्या. फरक जेमतेम पावणेतीन तासांचा, तरी झाडाला तो कळतो. पानाआड न झाकलेलं फूल मैना, बुलबुल, सूर्यपक्ष्यांना लांबून दिसतं, हा वरचा फायदा.

कुक्षीहून जवळच बाग आहे, लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं आणि त्याहूनही ठशांच्या कापडासाठी. बाग प्रिंटचं कापड तांब्याच्या मोठ्या भांड्यात अॅलिझरिन या रंगद्रव्याबरोबर उकळतात आणि त्यात धावडीची फुलं टाकतात. धावडी म्हणजे महाराष्ट्रातली धायटी, डोंगरउतारावरचं झुडूप. तिची बारीक लाल फुलं थंडी सरता सरता जुन्या फांद्यांवर अंगभर लागतात. सरपणासाठी हिवाळ्यात ती छाटली, तर फुलं गोळा करणाऱ्यांच्या हाती काहीच लागायचं नाही. इथं छाटणीचा काळ हा शोभेचा प्रश्न राहत नाही, रंगाच्या भट्टीपर्यंत पोचतो. मोहाचंही तसंच. त्याची फुलं फांद्यांच्या टोकांवर, नव्या पालवीच्या जरा आधी येतात आणि पहाटे टपटप गळतात. मोह वेचणारं कोणतंही घर बहराआधी त्याच्या फांदीला हात लावणार नाही, आणि त्यांना हे कोणत्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही.

बहाव्याशी मात्र तडजोड करावी लागते. त्याचे पिवळे झुंबर उन्हाळ्यात जुन्या फांद्यांवरून, गळलेल्या पानांच्या जागेतून लोंबतात. म्हणजे तोही पहिल्या जातीतला; फेब्रुवारीत छाटला की बहर गेला. बहर संपल्यावर छाटावा, तर तोवर आषाढ उंबरठ्यावर, आणि फांदीवर हातभर लांबीच्या होऊ घातलेल्या शेंगा. त्या पिकायला पुढचा हिवाळा लागतो, आणि त्यांचा गर औषधी म्हणून हवा असतो. शेंगा हव्यात की आकार, हे एकदा ठरवून टाकावं. माझ्या मते अंगणातल्या बहाव्याला आकार द्यायची फारशी गरजच नसते. सुकलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, बाकी सोडून द्यावं. बहावा फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस, असा शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे. पावसाचं माहीत नाही, पण छाटणाऱ्याला त्याचा उपयोग आहे: बहावा फुलला म्हणजे पावसाआधीचे कोरडे दिवस मोजायला घ्यावेत.

दुसऱ्या जातीत अंगणातली बरीचशी मंडळी येतात. तामण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, हिवाळ्यात पानं लाल करून टाकतो आणि मग नव्या फांद्यांच्या टोकांवर जांभळे तुरे धरतो. जानेवारी-फेब्रुवारीत, निष्पर्ण असताना त्याला हलका हात लावायला हरकत नाही. हलका म्हणतो ते मुद्दाम. तामणाच्या एका लहान चुलत भावाला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत दर हिवाळ्यात लोक खुंटापर्यंत कापतात, आणि तिथले झाडांचे जाणकार त्या प्रकाराला चक्क ‘खून’ म्हणतात. दर वर्षी त्याच जागी कापत गेलं की खुंटावर गाठी होतात आणि त्यातून छड्यांसारख्या कमकुवत फांद्या निघतात, ज्या फुलांच्या भारानंच वाकतात.

पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत फुलतो, तोही यंदाच्या फांदीच्या टोकाला. चपट्या बिया गळून गेल्या की फेब्रुवारीच्या सुमारास त्याला निम्म्यानं कमी केलं तरी चालतं. न छाटलेला पारिजातक उंच, किडकिडा होतो आणि फुलं शेजाऱ्याच्या गच्चीवर पडतात. मोगऱ्याला डिसेंबरमध्ये पाण्याचा ताण देऊन मग छाटतात, की उन्हाळ्याला कळ्यांचा भर येतो. गुलाबाची छाटणी इंग्लंडात थंडी सरताना, कारण तिथं पाल्यावर हिम पडतं. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात, म्हणजे दीडेक महिन्यात थंडीची टवटवीत फुलं. दिवाळीचा मुहूर्त मानवतो तो या गुलाबाला, आणि बोगनवेलीलाही. चाफ्याचं गणित वेगळं. त्याचं फूल जाड फांदीच्या टोकावरच येतं. टोक छाटलं की दोन-तीन फाटे फुटतात, पण त्या फाट्यांना फुलायला वेळ लागतो. म्हणून चाफा सगळा एकदम न छाटता थोडा थोडा छाटावा, कोरड्या दिवसांत, आणि निघालेल्या तुकड्यांचा चीक आठवडाभर सुकू देऊन तेच रोप म्हणून लावावेत.

कळी कधी ठरते हा प्रश्न ज्यांच्या पोटाशी बांधलेला आहे, असे लोक नाशिक आणि सांगलीकडे भेटतात. द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान सूक्ष्म घडनिर्मिती होते. म्हणजे ऑक्टोबरनंतर डोळ्यादेखत येणारा घड खरं तर मे-जूनमध्ये, डोळ्याला न दिसणाऱ्या आकारात ठरलेला असतो. त्या दिवसांत आभाळ सारखं भरलेलं राहिलं, उजेड कमी पडला, तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी (तणावा) निघते, आणि बागायतदाराला ते कळतं पाच महिन्यांनी. डाळिंब, पेरू, मोसंबीवाले आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांतला एक निवडतात आणि पाणी तोडून झाडाला हवं तेव्हा फुलवतात. फुलझाडांच्या बाबतीत आपण या मंडळींइतके हुशार असतो, तर अर्धे प्रश्न उरले नसते.

डोळ्याला घड धरायचा की पान, हे सांगतं कोण? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३७ मध्ये असं मांडलं की दिवसाची लांबी पान ओळखतं आणि मग एक संदेश फांदीतून शेंड्याकडे जातो. त्या न सापडलेल्या संदेशवाहकाला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. तो प्रत्यक्षात एक छोटं प्रथिन आहे हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं. छाटणाऱ्यासाठी यातला अर्थ सरळ आहे. कळी ठरायच्या काळात झाडाची पानं भरमसाट उतरवली, तर संदेश देणारेच कमी होतात आणि कळीला लागणारी साखरही. जोरात छाटलेलं झाड हिरवंगार, टवटवीत दिसतं, पण फुलत नाही, ते यामुळे. झाड तेव्हा गेलेलं छप्पर पुन्हा उभं करण्यात गुंतलेलं असतं.

आता पावसाचा प्रश्न, आणि कुक्षीत तोच सगळ्यात अवघड. बहर संपल्यावर छाटा म्हणायचं, तर अनेक झाडांचा बहर संपतो पाऊस येताना. ओल्या हवेत उघड्या घावावर बुरशीचे बीजाणू बसतात. दुसरीकडे, झाड जोमानं वाढत असतं तेही पावसातच, आणि घाव बंद करायची ताकद त्याच्यात तेव्हाच जास्त असते. हे समजून घ्यायला अॅलेक्स शायगो यांच्याकडे जावं लागतं. अमेरिकेच्या वनसेवेतले हे शास्त्रज्ञ साखळीकरवतीनं झाडं उभी चिरून आत काय चाललंय ते पाहत. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की झाडाचा घाव माणसासारखा भरून येत नाही. कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती घालतं, कुजणं तिथंच कोंडतं, आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. या भिंती घालण्याची जागा फांदीच्या बुडाशी, खोडाला मिळते तिथल्या फुगीर कडेत असते. ती कड राखून, तिच्या अगदी बाहेरून कापलं तर घाव वर्तुळात मिटत जातो. खोडाला सपाट घासून कापलं तर भिंतच कापली जाते. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, आणि वाळलेल्या खुंटातून कूज आत उतरते.

शायगोंनी आणखी एक गोष्ट दाखवली. घावावर डांबर किंवा रंग फासण्यानं कूज थांबत नाही. कधी कधी खाली ओल कोंडून ती वाढते. आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावायची पद्धत आहे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तांब्याचं हे मलम बुरशीला काही काळ आवरतं. आमच्या पावसाळ्यात मोठ्या घावावर ते लावायला माझा विरोध नाही, पण चुकीच्या जागी कापलेलं त्यानं सुधारत नाही. गेरू-चुन्याचे पट्टे दिसायला छान असतात. त्यातल्या चुन्याचा खरा फायदा निमाडी उन्हात. मे महिन्यात पानं उतरवलेल्या झाडाची आजवर सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येते आणि पश्चिमेच्या बाजूनं भाजते. तिथं पांढरा चुना कामाचा.

जड फांदी एका दमात कापू नये. तिच्या वजनानं ती अर्ध्यावरच मोडते आणि खाली खोडाची साल सोलत जाते. आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूनं एक चीर द्यावी. मग त्याहून थोडं बाहेर वरून कापून फांदी उतरवावी. उरलेला खुंट शेवटी कडेपाशी नीट काढावा. दसऱ्याला आपट्याची ‘लूट’ करताना हाच अपराध होतो. अश्विनात आपटा छाटण्यात वाईट काही नाही, त्याचा बहर उन्हाळ्यात आहे. वाईट आहे ते फांदी ओरबाडणं. सिकेटरनं कापलेल्या आणि हातानं पिळून तोडलेल्या फांदीत झाडाला फार मोठा फरक पडतो.

गुलमोहराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कुक्षीतच काय, साताऱ्यापर्यंत सगळीकडे तो लाडका आहे. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. मादागास्करचा हा पाहुणा लवकर वाढतो, म्हणून त्याचं लाकूड ठिसूळ. मुळं उथळ, छत्री पसरट. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात मोडतो तो बऱ्याचदा हाच. मग दरसाल मेमध्ये त्याचं डोकं उडवलं जातं, त्यातून सरळसोट फुटवे निघतात, आणि ते मूळ फांदीपेक्षाही कच्चे बसलेले असल्यामुळे दोन-चार वर्षांनी आणखी मोठी फांदी पडते. फुलांचे घोस येतात फांद्यांच्या टोकांकडे, त्यामुळे टोकं उडवली की बहरही पातळ होतो. गुलमोहराची खरी छाटणी तो पुरुषभर-दोन पुरुषभर उंच असतानाच करायची: एक मुख्य खोड राखायचं, अरुंद कोनात चिकटून निघालेल्या जोडफांद्यांतली एक काढायची, खालच्या फांद्या हळूहळू उचलायच्या. कोवळ्या वयात बोटाएवढा घाव होतो तो वर्षात मिटतो. नर्मदेवरचं सरदार सरोवर २०१९ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि कुक्षीजवळचं निसरपूर, चिखल्दा पाण्याखाली गेलं. तिथल्या लोकांच्या पुनर्वसनाच्या वसाहतींत जी झाडं लागली, ती अजून तरुण आहेत. तिथं आज सिकेटरनं होणाऱ्या कामाला वीस वर्षांनी क्रेन लागेल.

देवासला राहून कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. कुक्षीच्या छाटणीलाही तेच तीन ऋतू पुरतात. हेमंतात, म्हणजे पाऊस उघडल्यापासून संक्रांतीपर्यंत, गुलाब, बोगनवेल, बहर संपलेला देवकांचन. आणि कोणत्याही झाडाचं वाळलेलं, रोगट लाकूड, कारण तेव्हा हवा कोरडी असते, पक्ष्यांची घरटी कमी असतात. थंडी सरता सरता तामण, पारिजातक, चाफा. वसंतात पळस, सावर, पांगारा, कांचन यांना फक्त बघायचं; फुलं गळून पालवी फुटू लागली की काय ते कापायचं, तेही थोडं, कारण पुढं ऊन आहे. वर्षाऋतूच्या तोंडाशी बहावा, गुलमोहर यांची अगदी हलकी आवराआवर, दोन-तीन कोरडे दिवस साधून. कोणत्याही एका वर्षी जिवंत पाल्याच्या पाव हिश्शाहून जास्त उतरवू नये.

घरट्यांचं लक्षात ठेवायला हवं. उन्हाळा-पावसाळ्यात झाडांवर घरटी असतात, बगळ्यांच्या तर वसाहतीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हे शिकारीतच धरलेलं आहे. आणि रस्त्याकडेचं झाड आपलं नसतं. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या, मध्य प्रदेशातल्या शहरांत २००१ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. मोठी फांदी उतरवायची असेल तरी आधी नगरपालिकेत विचारलेलं बरं.

राहिला उतरलेला पाला. तो जाळून टाकण्याची घाई कुक्षीत सगळ्यांनाच असते. इथून इंदूर लांब नाही, आणि इंदुरातच अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेलेली कंपोस्टची रीत बसवली. त्या कामावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर लिहिलं; हॉवर्ड यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, वाड यांचं मराठी माणसालाही नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न आपलाच होता: कपाशीच्या पळाट्या इतक्या टणक की कुजेनात. त्यांनी त्या रस्त्यावर पसरल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरू दिल्या, मग शेण, मूत्रानं भिजलेली माती आणि राख यांच्याबरोबर थर लावून वेळोवेळी चाळवल्या. आज बैलगाडीची वाट बघायची गरज नाही. अंगठ्याहून जाड काटक्या सरपणाला, बाकीचा पाला विळ्यानं बारीक करून शेणाच्या काल्यात भिजवून खड्ड्यात. उन्हाळ्यात कापलेला पाला पावसाआधी खड्ड्यात गेला, तर दसऱ्यापर्यंत त्याचं खत होतं, आणि ते गुलाबाच्या छाटणीला अगदी वेळेवर मिळतं.